गिरणीतल्या तीन मोटरी आणि एक वीजबिल

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या गिरणीत दळणाचा दर ठरवण्याची रीत आजवर अगदी सोपी होती. शेजारच्या गावातल्या गिरणीचा दर काय आहे ते विचारायचे आणि विजेचे दर वाढल्याची बातमी आली की त्यात रुपया-दीड रुपया वाढवायचा. बाबांनी हा व्यवसाय याच रीतीने अनेक वर्षे व्यवस्थित चालवला. मात्र गिरणीला लागूनच खोबरेल तेलाचे घाणे सुरू केल्यानंतर वीजबिलाचा आकडा इतका फुगला की कोणत्या यंत्राचा त्यात किती वाटा आहे हे समजल्याशिवाय दळणाचा, मसाला कुटण्याचा किंवा तेल गाळण्याचा दर ठरवणे मला योग्य वाटेना. तिन्ही यंत्रे एकाच मीटरवर चालतात आणि बिलात एकूण युनिटांपलीकडे काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक मोटरीचा वीजवापर आणि चालवण्याचा खर्च आपणच मोजून काढायचा, असे ठरवले.

यंत्रे अशी आहेत. गहू, तांदूळ, नाचणी दळण्यासाठी दगडी जात्याची गिरण असून तिला १० अश्वशक्तीची मोटर आहे. मिरची, हळद, धणे यांसाठी पल्व्हरायझर, म्हणजे हातोड्यांनी कुटून पूड करणारे यंत्र आहे, त्याला ७.५ अश्वशक्तीची मोटर आहे. तेलाच्या घाण्यांची जोडी एकाच ५ अश्वशक्तीच्या मोटरीवर चालते. ही शेवटची मोटर दोनदा रिवाइंडिंग करून (आतली तांब्याची वेटोळी नव्याने गुंडाळून) घेतलेली आहे, कारण पावसाळ्यात झाडाची फांदी तारांवर पडून एक फेज, म्हणजे पुरवठ्याच्या तीन तारांपैकी एक, गेला की तीन फेजची मोटर जळते, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. एक फेज गेला की मोटर आपोआप बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवल्यापासून तो त्रास थांबला.

आमच्या वायरमनने सांगितलेला हिशेब एका ओळीचा होता. “एचपीला ०.७४६ ने गुणा, तासांनी गुणा, झाले युनिट.” एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट हे खरेच आहे, म्हणून मी पहिला तक्ता त्याच सूत्राने मांडला. गिरण दिवसाला साडेतीन तास चालू असते, घाणे सात तास आणि पल्व्हरायझर हंगाम नसताना दीड तास. महिन्याचे २६ दिवस धरले, तर गिरणीचे ६७९ युनिट, घाण्यांचेही नेमके ६७९ युनिट आणि पल्व्हरायझरचे २१८ युनिट होतात. बेरीज १५७६ होते. त्या महिन्याचे प्रत्यक्ष बिल होते १३१० युनिटांचे, आणि त्यात दिवे, पंखे व विहिरीवरचा पंपही आला. म्हणजे सूत्राने काढलेला आकडा वीस टक्क्यांनी जास्त निघाला. एवढ्या फरकावर दर ठरवता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा फरक कोणत्या यंत्राच्या वाट्याचा आहे, हे त्यातून कळत नव्हते.

या सूत्रात दोन चुका असतात आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेने जातात. मोटरीच्या नेमप्लेटवर लिहिलेली अश्वशक्ती ही तिच्या दांड्यावर मिळणारी शक्ती असते, तारेतून घेतली जाणारी नव्हे. तारेतून येणाऱ्या विजेचा काही भाग तांब्याच्या वेटोळ्यांत, लोखंडी गाभ्यात, बेअरिंगमध्ये आणि थंड करणाऱ्या पंख्यात उष्णतेच्या रूपाने जातो. आमच्या १० अश्वशक्तीच्या मोटरीची कार्यक्षमता ८६ टक्के धरली, तर पूर्ण भारावर तिला साडेसात नव्हे, तर ८.७ किलोवॅट लागतील. ही झाली कमी धरण्याची चूक. दुसरी चूक जास्त धरण्याची आहे. नेमप्लेट सांगते ती मोटर किती भार उचलू शकते एवढेच. आपले जाते तिच्यावर किती भार टाकते ते त्या पत्र्यावर लिहिलेले नसते. गिरणीची मोटर निवडताना मुद्दाम थोडी मोठी घेतलेली असते आणि गिऱ्हाइकाचा डबा बदलेपर्यंत ती रिकामीच फिरत असते. या दोन चुका एकमेकींना कधी झाकतात, कधी झाकत नाहीत.

त्यामुळे भार मोजणे आले. वायरमनकडचा टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखे धरून प्रवाह मोजणारे उपकरण, घेऊन स्टार्टरच्या पेटीतल्या एकेका तारेवर प्रवाह पाहिला. हे काम मी त्याच्याकडूनच करून घेतले, कारण चालू पेटी उघडून आत हात घालणे हा हौसेचा विषय नाही. गिरणीच्या नेमप्लेटवर पूर्ण भाराचा प्रवाह १४.५ अँपिअर दिला आहे. गहू दळताना तो १०.८ अँपिअर आला आणि जाते रिकामे फिरताना ६ अँपिअर. सरळ त्रैराशिक मांडले, तर रिकाम्या फिरण्याला पूर्ण भाराच्या ४१ टक्के वीज लागते असे निघते. हे काही मला पटेना, कारण रिकामे फिरणारे जाते पीठ दळत नाही, घासत नाही, मग एवढी वीज जाते कुठे?

उत्तर पॉवर फॅक्टरमध्ये आहे, म्हणजे तारेतल्या प्रवाहाचा किती भाग खरे काम करतो त्या प्रमाणात. इंडक्शन मोटर रिकामी असली तरी आतले चुंबकीय क्षेत्र उभे ठेवण्यासाठी तिला प्रवाह घ्यावाच लागतो. हा प्रवाह तारेतून ये-जा करतो, टाँग टेस्टरला दिसतो, पण त्याने काम होत नाही आणि युनिट मोजणारा मीटर त्याची नोंद घेत नाही. तीन फेजच्या मोटरीची शक्ती म्हणजे १.७३२ गुणिले व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर, आणि हा शेवटचा गुणक भार निम्म्याच्या खाली गेला की झपाट्याने उतरतो. त्यामुळे भार चांगला असेल तेव्हा अँपिअरवरून काढलेला अंदाज चालून जातो. हलक्या भारावर मात्र तो फसवा ठरतो.

पॉवर फॅक्टर मोजणारे उपकरण विकत घेण्यापेक्षा भिंतीवरच्या मीटरचाच उपयोग करावा, हे यावर सुचले. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरच्या दर्शनी भागावर छापलेले असते. आमच्या मीटरवर तो आकडा ८०० आहे. म्हणजे दर उघडझापीला १.२५ वॅट-तास वीज खर्च झाली. बाकीची सर्व यंत्रे, दिवे आणि पंखे बंद करून एकच मोटर चालू ठेवायची आणि २० उघडझापींना किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर मोजायचे. २० उघडझापी म्हणजे २५ वॅट-तास, म्हणून ९०,००० ला सेकंदांनी भागले की थेट वॅट मिळतात. पहिली उघडझाप शून्य म्हणून मोजायची, एवढे भान ठेवले की झाले. ज्या मीटरने बिल येते त्याच मीटरने मोजलेले असल्यामुळे या आकड्यावर पुढे वाद घालण्याजोगे काही उरत नाही, ही या पद्धतीतली माझ्या मते सर्वांत मोठी सोय आहे.

गहू दळताना २० उघडझापींना १५ सेकंद लागले, म्हणजे ६ किलोवॅट. जाते रिकामे फिरताना तेवढ्याच उघडझापींना पूर्ण मिनिट लागले, म्हणजे १.५ किलोवॅट. पूर्ण भाराच्या ८.७ किलोवॅटशी तुलना केली, तर रिकाम्या फिरण्याचा वाटा १७ टक्के निघतो. अँपिअर ४१ टक्के सांगत होते.

पडताळा म्हणून वेगही मोजून पाहिला. चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरीचे चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० फेरे घेते आणि दांडा त्याच्या थोडा मागे राहतो. जितका भार जास्त, तितका तो अधिक मागे पडतो. आमच्या मोटरीचा पूर्ण भाराचा वेग १४४० आहे, म्हणजे साठ फेऱ्यांची पिछाडी. दांड्यावर चकचकीत चिकटपट्टीचा तुकडा लावून प्रकाशाच्या टॅकोमीटरने दळताना वेग पाहिला, तो १४५९ आला. एक्केचाळीस भागिले साठ, म्हणजे ६८ टक्के भार. मीटरच्या ६ किलोवॅटला ८६ टक्के कार्यक्षमतेने गुणून साडेसातने भागले की ६९ टक्के येतात. नेमप्लेटवरचा वेग गोल आकड्यात लिहिण्याची पद्धत असल्यामुळे या मापावर फार विसंबू नये असे म्हणतात. ते बरोबरच आहे. पण दोन वेगळ्या वाटांनी गेलेले हिशेब एका ठिकाणी येऊन मिळाले की मनाची खात्री पटते.

आता तास. यंत्र एकूण किती वेळ चालू होते, हे स्टार्टरला जोडलेला छोटा तासमापक सांगतो. त्यातला दळण्याचा वेळ किती आणि रिकामा किती, हे वहीवरून काढले. जात्याला नुकतीच टाकी लावलेली असताना, म्हणजे दगडांच्या खाचा छिन्नीने नव्याने पाडलेल्या असताना, २० किलो गहू पंधरा मिनिटांत दळून होतो, म्हणजे तासाला ८० किलो. वहीत दिवसाचे सरासरी १६० किलो दळण दिसते, म्हणजे प्रत्यक्ष दळणे दोनच तास आणि उरलेला दीड तास जाते रिकामे. दळण्याचे १२ युनिट आणि रिकाम्या फिरण्याचे सव्वादोन, मिळून दिवसाला सव्वाचौदा युनिट. युनिटच्या प्रमाणात वाढणारे सगळे आकार धरून मी हिशेबाला ६ रुपये हा गोल दर घेतला आहे. प्रत्यक्ष दर गोव्यासाठीच्या संयुक्त वीज नियामक आयोगाच्या आदेशांप्रमाणे बदलतात, म्हणून प्रत्येकाने तो आपल्या बिलावरून घ्यावा. या दराने किलोमागे विजेचा खर्च सुमारे ५३ पैसे येतो. जाते रिकामे फिरलेच नसते तर तो ४५ पैसे आला असता. यात स्थिर आकार धरलेला नाही. तो यंत्रे चालोत वा न चालोत द्यावाच लागतो, म्हणून तो मी भाड्याच्या रकान्यात वेगळा मांडतो.

मोटर बंद-चालू करण्यानेच जास्त वीज जाते, अशी समजूत आमच्याकडे पक्की आहे आणि बाबाही तीच सांगत. सुरू होताना प्रवाह पूर्ण भाराच्या पाच-सहा पट जातो, त्यामुळे दिवे क्षणभर मंदावतात आणि ही समजूत दृढ होते. पण तो प्रवाह काही सेकंदच टिकतो आणि त्याचा बराच भाग काम न करणाऱ्या जातीचा असतो. मीटरसमोर उभे राहून मोजले, तेव्हा स्टार-डेल्टा स्टार्टरने (तो मोटर आधी कमी दाबावर सुरू करतो) जाते पूर्ण वेगाला येईपर्यंत दहाच्या आसपास उघडझापी झाल्या. म्हणजे साडेबारा वॅट-तास. अर्धा मिनिट रिकामे फिरायला जेवढी वीज लागते तेवढीच ही आहे. वारंवार सुरू केल्याने वाइंडिंग तापते आणि संपर्कपट्ट्या झिजतात हे मात्र खरे, म्हणून एका दळणानंतर दुसरे पाच मिनिटांत येणार असेल तर चालू ठेवावी, नाहीतर बंद करावी, असा नियम आम्ही केला. दुपारी तो सहज पाळता येतो. चवथीच्या आधी नेवऱ्या-मोदकांच्या पिठासाठी रांग लागते, तेव्हा त्याची गरजच पडत नाही.

पल्व्हरायझरबद्दल थोडक्यात सांगतो. मिरची कुटताना तो ४.८ किलोवॅट घेतो आणि रिकामा असताना २ किलोवॅट. रिकाम्याचा आकडा एवढा मोठा असण्याचे कारण असे की त्याचे हातोडे आणि पूड ओढून नेणारा पंखा हवा घुसळतच राहतात. एप्रिल-मे महिन्यांत, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करण्याच्या दिवसांत, मिरचीच्या पिशव्या ओळीने लागलेल्या असतात आणि तो क्वचितच रिकामा राहतो. उरलेल्या वर्षात अर्ध्या किलोच्या हळदीसाठी तो सुरू होतो, तेव्हा त्या हळदीवर मिळालेली मजुरी वाऱ्यावर जाते असे म्हणायला हरकत नाही. म्हणून हंगाम नसताना मसाल्याचे कुटण आठवड्यातले दोन दिवस ठरवून एकत्र घेऊ लागलो.

घाण्यांचा हिशेब पाहून मात्र मी थबकलो. पाच अश्वशक्तीची ही मोटर कोपऱ्यात निमूट फिरते, दिवे मंद करत नाही, आवाजही फारसा करत नाही. तिच्या २० उघडझापींना साडेबावीस सेकंद लागले, म्हणजे ४ किलोवॅट. घाण्यात खोबरे घातले की ते भरडून तेल सुटेपर्यंत मोटरीला उसंत नसते, त्यामुळे रिकाम्या फिरण्याचा प्रश्नच नाही. सात तासांचे २८ युनिट, महिन्याचे ७२८. गिरणीचे महिन्याचे ३७० आणि पल्व्हरायझरचे १५१ भरतात. तिन्ही मिळून १२४९ होतात, आणि बिलाच्या १३१० मधून उरलेल्या ६१ युनिटांचा जवळजवळ सगळा हिशेब दिवे, पंखे आणि विहिरीवरचा पंप यांत लागतो. नेमप्लेटच्या सूत्राने गिरण आणि घाणे यांचा वापर अगदी सारखा दाखवला होता. प्रत्यक्षात गिरणीच्या निम्मीच अश्वशक्ती असलेली घाण्याची मोटर गिरणीच्या जवळजवळ दुप्पट वीज घेत होती.

दोन्ही घाण्यांत मिळून तासाला २४ किलो खोबरे पिळून निघते आणि खोबरे चांगले सुकलेले असेल तर त्यातून सुमारे १४ किलो तेल येते. त्यासाठी ४ युनिट, म्हणजे २४ रुपये लागतात. किलोमागे साधारण एक रुपया सत्तर पैसे होतात. तेलाच्या भावापुढे ही रक्कम क्षुल्लक आहे. मात्र वर्षाची बेरीज केली तर ती ५२ हजारांच्या वर जाते, आणि म्हणून बचतीची सुरुवात इथूनच करायला हवी होती.

घाण्यावर काम करणाऱ्या काकांनी त्याआधीच एकदा सांगितले होते की मोटरीवरून घाणे फिरवणाऱ्या पट्ट्यांना दुपारनंतर रबराचा वास येतो. तीन व्ही-पट्ट्यांपैकी एक नवा आणि दोन जुने होते. जुने लांबलेले असल्यामुळे भार एकट्या नव्यावर येत होता आणि बाकीचे दोन पुलीवर घसरत होते. तिन्ही पट्टे एकाच मापाचे, एकाच वेळी बदलले आणि दोन्ही पुल्या दोरी धरून एका रेषेत आणल्या, तेव्हा २० उघडझापींना साडेतेवीस सेकंद लागू लागले. म्हणजे ४ किलोवॅटचे ३.८३ झाले. वर्षाच्या २१८४ तासांना ही बचत सुमारे ३७० युनिटांची, म्हणजे सव्वादोन हजार रुपयांची होते. पट्ट्यांना त्याच्या निम्मेही पैसे पडले नाहीत.

जात्याचेही असेच आहे. टाकी बोथट झाल्यावर २० किलो गव्हाला पंधराऐवजी साडेसतरा मिनिटे लागतात आणि दीड युनिटाऐवजी सुमारे १.८ युनिट जातात. लाल दिव्याचा वेग जवळजवळ तोच राहतो, म्हणून नुसता भार मोजणाऱ्याला हा फरक दिसत नाही. किलोमागे युनिट काढल्यावरच तो दिसतो. वीस टक्क्यांचा हा फरक कोणत्याही नव्या मोटरीने भरून निघणारा नाही.

या सगळ्यात वीज वाचवणारे डबे विकणारा एक माणूसही येऊन गेला. त्याने मोटरीला डबा जोडून टाँग टेस्टरवर प्रवाह १०.८ वरून ८.८ अँपिअरवर आलेला दाखवला आणि तो खोटे दाखवत नव्हता. डब्यात कपॅसिटर होता आणि चुंबकीय क्षेत्राला लागणारा प्रवाह आता तारेऐवजी त्या कपॅसिटरकडून मिळत होता. मी त्याला मीटरपाशी नेऊन उघडझापी मोजायला लावल्या. डबा जोडलेला असो वा काढलेला, पंधरा सेकंदच लागले. ज्यांना पॉवर फॅक्टरसाठी दंड किंवा केव्हीएवर (पॉवर फॅक्टर न धरता केलेल्या व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारावर) आधारलेले बिल येते, त्यांनी कपॅसिटर जरूर बसवावा. माझे बिल किलोवॅट-तासांवर येते, तेव्हा मला त्यातून मिळण्यासारखे फारसे काही नव्हते.

राहिला प्रश्न नव्या मोटरीचा. मोटरीची स्वतःची कार्यक्षमता मीटरवरून काढता येत नाही, कारण दांड्यावर नेमकी किती शक्ती उतरते ते घरी मोजण्याचे साधन नसते. म्हणून तिथे अंदाजच करावा लागतो. दोनदा रिवाइंडिंग झालेल्या घाण्याच्या मोटरीची मी ८१ टक्के धरली. भारतीय मानक १२६१५ प्रमाणे ३.७ किलोवॅटच्या चार पोलच्या आयई-३ या वरच्या कार्यक्षमता-वर्गातल्या मोटरीची कार्यक्षमता ८८.४ टक्के असते. तेवढेच काम करायला ३.८३ ऐवजी ३.५१ किलोवॅट लागतील, वर्षाला ७०० युनिट आणि ४,२०० रुपये वाचतील. मला मिळालेले दरपत्रक २० हजारांच्या आसपास आहे, म्हणजे पावणेपाच वर्षांत पैसे वसूल होतील. हाच हिशेब गिरणीच्या मोटरीला लावला, तर वर्षाला दळण्याचे ६२४ तास, वाचणारे युनिट सव्वादोनशेच्या आसपास आणि मोटरीची किंमत दीडपटीहून अधिक. तिथे वसुलीला वीसहून जास्त वर्षे लागतील.

त्यामुळे गिरणीची मोटर आहे तशीच राहील, आणि घाण्याची चालते आहे तोवर चालू देऊन पुढच्या वेळी जळली की रिवाइंडिंगला न देता आयई-३ घ्यायची, असे ठरले. रिवाइंडिंगचा खर्च वजा जाता नव्या मोटरीचे ज्यादा पैसे त्या वेळी आणखी लवकर सुटतील. एक गोष्ट दरपत्रक देणाऱ्याला आठवणीने विचारली. कार्यक्षम मोटरीची पिछाडी कमी असते, म्हणून ती जुनीपेक्षा मिनिटाला वीस-पंचवीस फेरे अधिक घेते. पंप किंवा पंख्याला एवढ्यानेही भार वाढून काही बचत खाल्ली जाते. घाणा वेगाने फिरला तर तेल तापते, म्हणून मोटरीकडची पुली किंचित लहान करून घ्यावी लागेल आणि तिचा खर्च त्याने दरपत्रकात धरला आहे. दळणाचा दर या वर्षी वाढवलेला नाही.